पोचुं

काइरी एस्टोनियाची, तार्तू गावची.
बडोद्याच्या पुसट भिंतींचे फोटो काढायला आली आहे.
आई तिला कैरी म्हणते,
आणि आम्ही का हसतो हे सांगण्यातच
पहिला दिवस गेला.

लहेरीपुऱ्यात कुकरची जाहिरात.
दारात नवरा, हात पाठीमागे, हातात गजरा.
लपवलाय का?
सासू आहे ना घरात.
कुठे आहे?
चित्रात नाही. पण आहे.
ती वहीत लिहिते : सासू, अदृश्य.

पुढे पेनाची. मुलाच्या तळहातावर पांढरं काहीतरी.
औषध?
दही. परीक्षेला निघालाय.
दह्याने आठवतं?
नाही गं.
मग दह्यासाठी शकुन सांगावा लागतो,
शकुनासाठी उंबरा,
उंबऱ्यासाठी मागून न मारायची हाक,
आणि आम्ही रावपुऱ्याच्या ऐन रस्त्यात उभ्या.
एक रिक्षावाला शिव्या घालून जातो.
त्या तिला आपोआप कळतात.

टायरच्या जाहिरातीपाशी मात्र मी हात टेकले.
ट्रक, लिंबू-मिरची, आणि खाली गुजरातीत :
भाभी, निरांते ऊंघजो.
म्हणजे वहिनी, निवांत झोपा.
टायर विकणारा हिच्या नवऱ्याचा भाऊ आहे?
नाही.
मग तो तिला झोप का म्हणतो?
मी म्हटलं, चल, चहा घेऊ.

आमच्या दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर
अजून एक भिंत शिल्लक आहे.
एक माणूस गुडघा वर करून झोपलाय, झोपेत हसतोय.
एकदम पोचुं.
मी म्हटलं, गादीची आहे. पोचुं म्हणजे मऊ.
एवढं सोपं काही दिवसभरात नव्हतं.
काइरीने फोटो काढला, पुढे चालू लागली.

घरी तो फोटो आईने पाहिला.
म्हणाली, हिला खरं सांग.

एकाहत्तर साली आई वाईहून इथे आली, लग्न होऊन.
गुजराती म्हणजे डोक्यावरची रेघ पुसलेलं मराठी,
बाबांनी असं शिकवलं होतं.
तेवढ्या भांडवलावर ती पाट्या वाचत भाजीला जायची.
एकदम पोचू.
वरचा टिंब तिला माशीचा वाटला.
रात्री झोपायचं, सकाळी पोचायचं : मोटारीचं ऑफिस असणार.
तिने डाळीच्या डब्यात रुपये साठवले. अकरा झाले.
बाबा कचेरीत गेल्यावर ती दुकानात शिरली
आणि पदर सावरून विचारलं,
वाईला किती?

वाई? शामळभाई गादीवाला घाबरला.
गुजरातीत वाई म्हणजे फेफरं.
बाईला वाई आली, एवढंच त्याला कळलं.
दोन नोकरांना हाका गेल्या,
आईला चांगल्यातल्या गादीवर आडवं केलं,
समोरच्या भाजीवालीकडून कांदा आणला,
फोडला, नाकाशी धरला.
ती नको नको म्हणत होती,
ते तिला आणखी वाई आल्यासारखं वाटत होतं.

आई हे सांगताना खूप हसते.
मीही इंग्रजीत सांगताना हसले,
दोनदा थांबावं लागलं.
मग शेवटी आई म्हणाली, अगं, रडले की मी तिथे,
त्या गादीवर, चांगली तासभर.
आणि घाईने म्हणाली, कांद्याने.

मी तयारीतच होते.
वाई सांगायची, तर कृष्णेचा घाट सांगायचा,
घाटासाठी माहेर,
आणि माहेराला इंग्रजीत काय म्हणतात
ते मला आजवर सापडलेलं नाही.
काइरीने काहीच विचारलं नाही.
वही उघडीच होती, पेन टोपणात.

आमच्याकडे, ती जरा वेळाने म्हणाली,
मोठ्या तळ्याच्या काठाने गावंच्या गावं
कांदा पिकवतात.

मी आईला मराठीत सांगितलं.
असं का, म्हणाली आई,
आणि तिच्या ताटलीत आणखी एक चकली वाढली.